खळ्यातला खड्डा

मला झोडणीच्या आवाजाची भीती वाटते. हसायचं असेल तर हसून घ्या. आमच्या घरात सगळ्यांचं हसून झालं आहे. कार्तिक सरत येतो, भातं कापून खळ्यावर येतात, नदीपलीकडून फळीवर पेंढ्या आपटल्याचा आवाज सुरू होतो, आणि माझ्या हातातला कप बशीवर वाजू लागतो. धप्प, धप्प, धपाधप्प. बायको म्हणते, "लोक भुताला भितात, आमचे हे भाताला." मी कप खाली ठेवतो. पन्नाशी ओलांडलेल्या, अंगाने सुटलेल्या आणि सापगावभर गप्पिष्ट म्हणून बदनाम असलेल्या माणसाने कशाला भ्यावं, याचे काही नियम नाहीत.

खरं तर आवाजाला मी भीत नाही. तो मध्येच थांबेल, याला भितो.

यंदाही तो आवाज आला. सकाळी भातसा नदीवर धुकं होतं, कापलेल्या भाताच्या खुंटांमधून वालाचे अंकुर वर आले होते, आणि पेंढ्याचा तो उबदार, किंचित कुबट वास अंगणात शिरला होता. पेंढ्याचा वास म्हणजे सुबत्तेचा वास, असं म्हणतात. मला त्या वासाबरोबर ओल्या मातीचा वास येतो, मानेला भाताचं कुसळ टोचतं, गुडघे हनुवटीला टेकतात, आणि मी पुन्हा एका खड्ड्यात बसलेला असतो. माझ्या डोक्यावर अर्धी फाडलेली टोपली असते आणि डोळ्यांसमोर फक्त माणसांचे पाय.

तो बेचाळीसच्या पावसाळ्यानंतरचा हिवाळा. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि शाळेत मास्तर होतो. आवाज असा की तिसरीच्या वर्गात म्हटलेली कविता पहिलीच्या वर्गाला पाठ व्हायची. पण त्या हिवाळ्यात मीसुद्धा हळू बोलू लागलो होतो. सगळेच हळू बोलत. तारा तुटल्या, पोलीस आले. पोलीस आले, बाजार अर्धा झाला. सिद्धगडाच्या रानात माणसं लपली आहेत असं जो तो सांगे, आणि सांगून झालं की "मला काय माहीत नाय" असंही सांगे. डोक्यावर पोतं घेऊन जाणाऱ्याला थांबवून पोलीस पोत्यात हात घालत. कसाऱ्याकडून गाडीची शिट्टी आली तरी बायका चुलीपुढून उठून दारात यायच्या. शिट्टी रोजचीच होती. उठणं मात्र नवीन होतं.

आणि अशा दिवसांत मी एका परदेशी माणसाबरोबर नाटक बसवत होतो. अक्कल ही पावसात उगवणारी भाजी असावी. हिवाळ्यात ती माझ्याकडे नव्हती.

त्या माणसाचं नाव ओताकर. आडनाव त्याने एकदा सांगितलं होतं, पण त्यात स्वर फार थोडे होते आणि ते माझ्या घशात कुठेतरी अडकलं. चांगोदादाला ते नाव पहिल्या झटक्यात पटलं.

"ओताकर," तो म्हणाला. "म्हंजे ओत्याचं. ओता कुठं आला, वाड्याकडं का?"

"प्रागकडे," ओताकर गंभीरपणे म्हणाला.

"मंग लांब हाय," चांगोदादा म्हणाला आणि त्याला बसायला गोणपाट दिलं.

चांगोदादा माझा मामेभाऊ. आमचं आजोळ मुरबाड तालुक्यात, शिवेपासून कोसभर आत. डोंगराच्या कुशीतली पंचवीस घरं, भाताची खाचरं, डोंगरउताराच्या वरकस जमिनीत नाचणी-वरई. ओताकर राहायचा शहापुरात, एका भाताच्या गिरणीमागच्या खोलीत. मुंबईत त्याची छाती बिघडली होती आणि डॉक्टरने कोरडी हवा सांगितली होती. गिरणीमागे कोरडी हवा म्हणजे कोंडा. पण तो कुरकुर करत नसे. उंच, खांद्यात वाकलेला, अंगात उन्हातही तपकिरी कोट. मराठी शिकायला माझ्याकडे यायचा. दार दिसेल अशाच जागी बसायचा. बाहेर बूट वाजले की त्याचं वाक्य अर्ध्यावर तुटायचं, आणि बूट पुढे गेले की तिथूनच पुढे सुरू व्हायचं, जणू कोणी पानात खूण ठेवली होती.

त्याला भिण्याचं कारण होतं. जर्मनांच्या भीतीने तो देश सोडून पळाला होता, पण पळताना खिशात जो पासपोर्ट होता त्यावर जर्मनांचाच शिक्का होता. आता लढाई जर्मनांशी. इथल्या सरकारला शिक्का दिसत होता, पळणं दिसत नव्हतं. दर बुधवारी त्याने पोलीस ठाण्यावर जाऊन हजेरी द्यायची आणि शहापूर तालुक्याची शीव ओलांडायची नाही, एवढ्या अटीवर तो मोकळा होता. शिवेपलीकडे सापडला तर तारांच्या कुंपणाआडच्या छावणीत. त्या छावणीतून माणसं परत येतात की नाही, हे त्याला कोणी सांगत नव्हतं. हजेरीच्या वहीवर त्याची सही घेणारा हवालदार जाडजूड मिशांचा, शेतकऱ्याच्याच घरचा माणूस होता. तो रागावत नसे. पण ओताकर मला म्हणाला होता, "मास्तर, न रागावणाऱ्या माणसाचे बूटही तेवढेच वाजतात."

अशा माणसाने शीव ओलांडली, आणि ती माझ्यामुळे. दिवाळीनंतर मी त्याला सहज म्हणालो की आमच्या आजोळी चौघं मिळून झोडतात आणि त्याचा ठेका ऐकण्यासारखा असतो. माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे माझी आई मरेपर्यंत सांगत होती. पुढच्याच रविवारी तो माझ्या दारात उभा. मी त्याला आडवाटेने नेलं. खळ्यावर चौघं समोरासमोर उभे राहून पाळीपाळीने पेंढ्या आपटत होते. ओताकरने डोळे मिटले. बोटांनी मांडीवर मोजलं. मग पुन्हा मोजलं. डोळे उघडले तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरून ती दार शोधणारी नजर गेलेली होती.

"पाच," तो म्हणाला. "चार माणसं आणि पाच ठोके. पाचवा कोणाचा?"

"पाचवा भाताचा," चांगोदादाची बायको बुधीबाय म्हणाली. "दाना पडतो त्याचा."

त्या क्षणी त्याने नाटक बसवायचं ठरवलं असावं.

त्याची सगळी कारकीर्द मी त्या खळ्यावर ऐकली. तुकड्यातुकड्याने, पेंढ्याच्या गंजीला टेकून, तोंडात भाजलेले चणे. बाप पाववाला. पंधराव्या वर्षी हा नाटकात शिरला तो रंगभूमीच्या वरून नव्हे, खालून. तिकडे प्रॉम्प्टर आपल्यासारखा विंगेत उभा राहत नाही. रंगमंचाच्या पुढच्या काठाला खड्डा असतो, त्यात बसतो, वर छोटं झाकण. "मी राजांना टाचांवरून ओळखायचो," तो सांगे. मग दिग्दर्शक झाला. मग संगीत नाटकांचे संवाद आणि पदं लिहू लागला. चाली एक मित्र बांधायचा. बारा वर्षांत नऊ नाटकं. स्वतः मात्र रंगमंचावर एकदाही पाऊल ठेवलं नाही. लोकांसमोर उभं राहायचं म्हटलं की त्याचे गुडघे पाणी व्हायचे. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवून हाक मारली तरी तो मागच्या जिन्यात जाऊन बसायचा.

शेवटच्या नाटकात एक हंस होता. तो एका प्रवेशात पाय ताठ करून चालायचा. एवढंच. सीमेपलीकडे त्या दिवसांत तसं चालणारे जर्मन शिपाई होते, लोकांनी ओळखलं आणि लोक हसले. दोन महिन्यांनी तेच चालणारे गावात आले. हा टोपीशिवाय आगगाडीत बसला.

"आणि मित्र?" मी विचारलं. "चाली बांधणारा?"

तो बराच वेळ बाहीला चिकटलेली कुसळं एकेक करून काढत राहिला. मी पुन्हा विचारलं नाही. माझ्या बडबड्या आयुष्यात न विचारलेले प्रश्न हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, त्यातला तो एक.

मुंबईत उतरल्यावर पोटासाठी त्याने एका चपलांच्या दुकानात काचेमागे चपला मांडायचं काम केलं. तिथेही स्वभाव गेला नाही. एका लाल चपलेकडे बाकीच्या सगळ्या पाठ करून मांडल्या. मालकाने विचारलं हे काय. हा म्हणाला, "ती घर सोडून निघाली आहे." ती चप्पल म्हणे त्याच दिवशी विकली गेली.

तर नाटक. हंस आमच्याकडे नाही म्हणून कोंबडा आला. गावच्या खोताचा कोंबडा हरवतो आणि खोत सगळ्या गावाला विचारत सुटतो, एवढीच गोष्ट. पदं मी मराठीत केली, बुधीबायने त्यातली निम्मी बदलली आणि ती सुधारली. खोत झाला लहानू, चांगोदादाचा धाकटा भाऊ. वीसेक जणांचा मेळा. ठेक्याला मृदंग-तबला काही नाही. पेंढ्यांच्या गंजीमागे चौघं खरीखुरी झोडणी करणार. ओताकर त्यांना घोटवून घ्यायचा. "खोताचं वाक्य संपलं की श्वास नाही. लगेच गाणं. वाक्य संपलं, गाणं. झोपेत वाक्य ऐकलं तरी गाणं." झोपेतसुद्धा ती माणसं गायली असती, इतकं घोटलं.

पण त्या सगळ्या दिवसांत आमचा एक कान बाहेर असे. त्या खोऱ्यातल्या लोकांनी न ठरवता एक रीत पाडली होती. शिवारात पोलीस दिसले की ज्या खळ्यावरून दिसले, ते खळं झोडणी थांबवायचं. ते थांबलं की पुढचं थांबायचं. मग त्याच्या पुढचं. ओरडणं नाही, धावणं नाही. नुसती शांतता खळ्याखळ्यावरून सरकत यायची, आणि ती आमच्यापर्यंत येईतो ओताकर मागच्या ओढ्यात उतरलेला असायचा. तीनदा असं झालं. तिन्ही वेळा पोलीस वरच्या वाटेने निघून गेले. ओढ्यातून वर येताना त्याच्या कोटाला गोखरू चिकटलेले असत आणि दात वाजत असत, थंडीने म्हणावं तर भर दुपार असायची. मी त्याला म्हणायचो, "पुरे आता. येऊ नका." तो म्हणायचा, "हो, पुरे." आणि पुढल्या रविवारी पुन्हा दारात.

मी त्याला तेव्हा मूर्ख समजत होतो. आता समजत नाही. माणूस ज्या कामात निडर असतो, त्या कामाकडे तो भीत भीतच जातो, हे मला त्याच्याकडे पाहून कळलं. उगाच मोठं वाक्य झालं, सोडून द्या.

प्रयोगाच्या आधी खड्ड्याचं प्रकरण झालं. ओताकरला खड्डा हवा होता. प्रॉम्प्टर मी, आणि प्रॉम्प्टर खड्ड्यातच बसला पाहिजे, नाहीतर नटांची नजर विंगेकडे जाते.

"खळ्यात खड्डा?" बुधीबाय कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "शेनानं सारवलेलं खळं माजं! कोन मेलंय का पुरायला?"

"काठाला, गो," चांगोदादा पुटपुटला. "जरासा."

"जरासा मंजे मास्तर माईल एवढा ना? मंग ता जरासा नाय!"

शेवटी काठाला खणू दिला, पण एका अटीवर. झोडलेल्या भाताची रास अजून खळ्यावर होती, आणि रास उभी असताना खळ्यात पायताण घालून कोणी यायचं नाही. खोत असो, नाटकातला राजा असो, वहाणा बाहेर. ओताकरने आपले बूट काढून गंजीशेजारी ठेवले तेव्हा ती म्हणाली, "शाना हाय. मास्तरापरीस शाना."

रात्री माणसं जमवायला बंदी होती, म्हणून प्रयोग दुपारी ठेवला. दोन अंक त्या रविवारी आणि तिसरा पुढच्या. आमच्याकडची सोंगं चार-चार दिवस चालतात, लोकांना त्यात वावगं वाटलं नाही. दीड-दोनशे माणसं बांधांवर बसली. आजूबाजूच्या वाड्यापाड्यांवरून सगळी आली. मी हातात वही घेऊन खड्ड्यात उतरलो, वर अर्धी टोपली लागली. गुडघ्यांच्या वर मला काही दिसेना. बुधीबाय सकाळपासून ओरडत होती, "वहाना काडा! ए, वहाना!" तो आवाज इतका सवयीचा झाला होता की कानाला लागेनासा झाला होता.

पहिला अंक चांगला गेला. लोक हसत होते, आणि पोटभर हसू त्या हिवाळ्यात मी पहिल्यांदाच ऐकत होतो. खड्ड्यात बसून मला एवढा आनंद झाला की मी वहीचं पान उलटायला विसरलो. आणि त्या आनंदात आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात एक साधी गोष्ट आली नाही. सगळं खोरं नाटकाला आलं होतं. आमची चार माणसं गंजीमागे झोडत होती तेवढीच, बाकी एकाही खळ्यावर झोडणी चालू नव्हती. जे आधीच थांबलेलं आहे, ते आणखी कसं थांबणार?

दुसऱ्या अंकात खोत येतो, मधोमध उभा राहतो आणि विचारतो, 'माझा कोंबडा कोणी पाहिला का?' पाय आले. माझ्यासमोर मधोमध उभे राहिले. गंजीमागची झोडणी थांबली. वाक्य येईना.

नट वाक्य विसरला की प्रॉम्प्टरच्या पोटात जी कळ येते ती बाळंतिणीलाच कळेल. मी कुजबुजलो, "माझा कोंबडा कोणी पाहिला का?" पाय हलले नाहीत. मी जरा मोठ्याने म्हटलं. पायाचा अंगठा आखडला. सगळं शिवार गप्प होतं. दोनशे माणसांची शांतता खड्ड्याच्या तोंडावर झाकणासारखी बसली होती. मला वाटलं लहानूची बोबडी वळली. तेव्हा मी शाळामास्तराच्या आवाजात, दात खाऊन म्हटलं, "म्हण रे! माझा कोंबडा कोणी पाहिला का?"

आणि वरून आवाज आला, जाड, घोगरा, बुचकळ्यात पडलेला.

"माझा कोंबडा कुनी पाह्यला का?"

तो लहानूचा आवाज नव्हता.

मी त्या पायांकडे नीट पाहिलं. घोट्याच्या वर, जिथे पायमोजा संपतो तिथे, कातडीवर आवळल्याचा वळ होता. शेतकऱ्याच्या पायाला तो नसतो. बूट घालणाऱ्या पोलिसाला असतो.

पुढे जे झालं त्याला घोटवून घेणारा ओताकर जबाबदार. वाक्य संपलं होतं. मेळ्याने श्वास घेतला नाही. गंजीमागे झोडणी धडाडली आणि वीस गळे एकदम फुटले:

नाय पाह्यला बा, नाय पाह्यला,
तुरा तांबडा, पाय पिवळा,
गेला आसंल आपल्या पायी,
त्याला कुनी नाय नेला!

वीस जोड्या पाय त्या दोन पायांभोवती गरगर फिरू लागले. तीन कडवी. एकानेही कडवं गाळलं नाही. नंतर चांगोदादाने सांगितलं की गाताना सगळ्यांचे चेहरे प्रेतासारखे होते, पण तोंडं आपोआप चालत होती. थांबलो तर काय होईल हे माहीत नसल्यामुळे ती माणसं गात होती. बांधावरचे लोक मात्र हसून लोळत होते. वाक्य ऐकून त्यांना वाटलं, हवालदार नाटकातलाच.

गाणं संपलं. टोपली उचलली गेली. वरून मिशा दिसल्या. बुधवारच्या हजेरीचा तोच हवालदार. मुरबाडच्या रानात शोध घ्यायला आलेल्या तुकडीत त्याला धाडलं होतं. बरोबर दोन शिपाई होते. बुधीबायच्या ओरडण्याने खळ्याच्या तोंडाशी तिघांनीही बूट काढले होते. घरची सवय, हात आपोआप बुटांकडे गेले.

"मास्तर?" तो म्हणाला. "तुमी खड्ड्यात काय करतांव?"

प्रॉम्प्टर, असं मी म्हणालो. त्याने तो शब्द ऐकून तोंड वाकडं केलं. मग खड्ड्यात वाकून पाहिलं, शिपायाने काठी घालून तळ टोचला. त्या दिवसांत खळ्यात नवा खणलेला खड्डा म्हणजे लपवलेली हत्यारं, हे लहान पोरालाही ठाऊक होतं. लोक आता हसत नव्हते.

"ह्यो खड्डा कोनी खनला?"

सगळे आपापल्या पायांकडे पाहू लागले.

"खळं कोनाचं?"

"माजं," चांगोदादा म्हणाला.

"मंग चल."

बुधीबायने तोंडावर पदर घेतला. त्या बाईला मी तशी कधी पाहिली नव्हती. आणि मी? मी खड्ड्यात उभा, हातात वही, आणि माझा तो प्रसिद्ध आवाज कुठे गेला होता कोणास ठाऊक.

गंजीमागून ओताकर बाहेर आला. मागे ओढा होता, तो केव्हाच ओढ्यात पोचू शकला असता. तो चालत खळ्याच्या मधोमध आला, दोनशे माणसांसमोर, अनवाणी. त्याचे गुडघे खरंच थरथरत होते, पातळ विजारीतून दिसत होते.

"खड्डा मी खणला," तो म्हणाला. "माझी पद्धत आहे."

हवालदाराने त्याच्याकडे पाहिलं. ओळखलं. शीव कुठे आहे आणि हा कुठे उभा आहे, हे त्याच्या डोळ्यांत मोजलेलं मला दिसलं. "सायेब," तो हळूच म्हणाला, "तुमी हितं नसायला पायजे होतं." त्याने चांगोदादाचा दंड सोडला. शिपायांना गंज्या तपासायला मागे ठेवलं आणि आम्हा दोघांना घेऊन निघाला.

ती कोसभराची वाट मी अजून चालतो आहे. ऊन तिरकं झालेलं, खाचरांत वालाची कोवळी पानं, सिद्धगडाचा डोंगर निळा आणि अगदी जवळ आल्यासारखा. हवालदार पुढे. त्याचे बूट पायवाटेवर वाजत होते. ओताकरने दोन्ही हात कोटाच्या खिशांत घातले होते, ते दिसू नयेत म्हणून. मला छावणीच्या तारा दिसत होत्या, मी कधी न पाहिलेल्या. शिवेजवळ वाट फुटते. डावी शहापूरकडे, उजवी मुरबाडच्या कचेरीकडे, जिथे त्याचं नाव कागदावर चढलं असतं आणि कागद वर गेला असता. त्या फाट्यापर्यंतची प्रत्येक बाभूळ मी मोजली.

फाट्यावर हवालदार थांबला. दगडावर पाय ठेवून बुटाची नाडी बांधू लागला. बांधलेलीच होती ती. मान वर न करता म्हणाला, "सायेब, ता मी बराबर म्हनला का?"

"काय?"

"ता कोंबड्याचा."

मी ओताकरच्या कोटाची बाही मागून ओढली. हो म्हण. देवा, या माणसाला हो म्हणू दे.

"नाही," ओताकर म्हणाला.

हवालदाराने मान वर केली.

"तुम्ही चोराला विचारतात तसं विचारलंत," ओताकर म्हणाला. त्याचे हात खिशातून बाहेर आले होते. "खोत पहाटेपासून शोधतो आहे. दमलाय. रागवायला त्याच्यात जीव नाही. पुन्हा म्हणा."

हवालदाराने वाटेकडे पुढे-मागे पाहिलं. कोणी नव्हतं. खाकरला. "माझा कोंबडा कुनी पाह्यला का?"

"लोकांकडे पाठ नको." ज्या खाकी कपड्यापायी त्याचं वाक्य अर्ध्यावर तुटायचं, त्याच खांद्याला धरून ओताकरने त्याला खाचरांकडे वळवलं. माझे डोळे मिटले गेले. "लोक तिथे आहेत. आता."

तिसऱ्यांदा तो म्हणाला तेव्हा आवाज मिशांतून हळू आला, आणि शेवटच्या शब्दाला जरासा फाटला. मला खरंच वाटलं, त्या माणसाचं घरचं काहीतरी हरवलं आहे आणि आपण उठून शोधायला हवं.

"हां," ओताकर म्हणाला.

हवालदार अजून रिकाम्या खाचरांकडेच पाहत होता. मग विचारलं, "मंग मिळतो का तो?"

"कोण?"

"कोंबडा, सायेब, कोंबडा!"

"ते तिसऱ्या अंकात."

हवालदाराने उजव्या वाटेकडे पाहिलं. टोपी काढून टाळू पुसली, पुन्हा घातली. "तिसरा अंक हिकडं करायचा नाय," तो दरडावून म्हणाला. "शहापुरात करायचा. माझ्या हद्दीत. बुधवारी, हजेरी झाली का. मी पुढं बसनार." आणि तो डाव्या वाटेने चालू लागला.

मी दगडावर बसलो, हसू की रडू कळेना. ओताकरला मिठी मारावी म्हणून वळलो तर त्याचा चेहरा खडूसारखा पांढरा. खळ्याच्या मधोमध उभा होता तेव्हाही इतका नव्हता.

"मास्तर," तो कुजबुजला, "आज काय वार?"

"रविवार. का?"

"तिसरा अंक मी लिहिलेला नाही. एक ओळही नाही. तो कोंबडा कुठे आहे, मला माहीत नाही."

आणि तो पळत सुटला. लांब ढांगा टाकत, कोट फडफडवत, शहापूरच्या वाटेने. हवालदाराच्या शेजारून वाऱ्यासारखा पुढे गेला. हवालदाराने दचकून काठी सावरली आणि मागून ओरडला, "अवो सायेब! पळता कशाला? मी धरत नाय तुमाला!"

ओताकर वळलासुद्धा नाही.

"तीनच दिवस आहेत!" एवढंच ऐकू आलं.